बरणी नंबर एकोणचाळीस

प्राणिशास्त्राच्या म्युझियममध्ये, खिडकीपासून तिसरं कपाट,
खालची फळी.
तिथं ती आहे. वीतभर लांब, पेन्सिलीएवढी जाड,
रंग दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाचा.
लेबलवरची शाई फुटलीय : लँप्रे. चक्रमुखी. जबडा नाही.
ठिकाणाच्या रकान्यात नुसती रेघ.

एकतीस वर्षं, दर जूनला, कॉलेज उघडायच्या आधी
मी तिच्या बरणीत फॉर्मॅलिन भरतो.
झाकण मेण लावून कितीही घट्ट बसवा,
आटतंच.

तोंड म्हणजे गोल भोक.
गळ्याशी सात छिद्रं,
जवाहरनगरातल्या कारागिरानं पायताणाला दाभणानं टोचावीत तशी,
एका ओळीत, न चुकता.

शिंत्रे मॅडम पोरांना सांगायच्या,
हिची पिल्लं आंधळी असतात.
चार-पाच वर्षं ओढ्याच्या तळाला गाळात पडून राहतात,
वाहत येईल ते गाळून खातात.
मग एकदा डोळे फुटतात
आणि त्याच सुमाराला आतडं आक्रसून जातं.
पुढं खाणं नाही. प्रवाहाच्या उलट वर जायचं,
तोंडानं धोंडे हलवून खळगा करायचा,
अंडी घालायची, मरायचं.
"वाटेत बांध लागला तर?" मागच्या बाकावरनं कुणीतरी.
मॅडम फळा पुसत होत्या.
"म्हणून तर संपत आलीय," म्हणाल्या, आणि पुसतच राहिल्या.

मी दाराशी फडकं घेऊन उभा.
मी भोयाचा. प्रयाग चिखलीच्या संगमाखाली आमची नाव असायची.
बंधारा तर आमच्याच नावाचा,
देशात कुठंही बांधा, कोल्हापूर पद्धतीचा.
त्याला बर्गे घातले की खडस मासा खालच्या अंगाला येऊन थडकायचा.
बाप म्हणायचा, आज जाळं नको टाकू,
दार वाजवतोय त्यो.

आईला एकदा आणलं होतं हे सगळं दाखवायला.
तिनं काचेला नाक लावलं.
"वांबट हाय व्हय?"
"न्हाय. लांबच्या देशातली. हिला जबडाच नाय."
"आन् मग कुणी छळलं तर सांगती कशी?"
मी हसलो. डबा काढून दोघांनी जिन्यात भाकरी खाल्ली.

मळी सुटली ती त्यानंतरच्या मार्चात.
पाणी काळं, वर साबणासारखा फेस,
आणि बंधाऱ्यापास्नं मळ्यापर्यंत
पांढऱ्या पोटांचा थर.
गाळातनं वांबटी वर आल्या होत्या.
वांबट वर येत नसते. बापानं सांगितलेलं,
ती वर आली तर खाली काही उरलं नाही समजायचं.
आई काठावर बसून एकेकीचं तोंड बोटानं मिटवत होती.

सुनावणी लागली. मोठा हॉल, पंखे,
प्रत्येक खुर्चीपुढं पाण्याची सीलबंद बाटली.
साहेबांनी विचारलं, "नदीकाठचं कुणी बोलणार?"
माझा विश्वजित त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये,
अजून कायम व्हायचा होता.
मला जबडा होता.
बत्तीस दात, त्यातले दोन चांदीनं भरलेले.
मी बाटलीचं सील फोडलं, पाणी प्यालो.
इतिवृत्तात आलं : कोणतीही हरकत प्राप्त झाली नाही.

येत्या जूनला मी रिटायर.
काल शेवटची बरणी भरली.
शेजारी एक रिकामी होती, कानशीला टवका उडालेली.
त्यात ती सोडली,
मार्चातली, इतके दिवस
घरच्या माळ्यावर लोणच्याच्या बरणीत ठेवलेली, आईला न सांगता.

लेबल स्वतः लिहिलं. अक्षर माझं वाईट.
नाव : वांबट. ठिकाण : पंचगंगा, बंधाऱ्याच्या वर.
तारीख लिहिली.
कारणाचा रकाना छापलेलाच नव्हता.
पट्टी मागून घेतली, रेघ मारून तो केला,
भरला,
आणि झाकणाला मेण लावलं.